केरोबा महाराज आणि भुंड्याचं फेफरं

शेंदूरवाडीला ओढा ओलांडून गावात शिरलं की डाव्या हाताला मरीआईचं देऊळ लागतं. त्या देवळामागच्या पडक्या चावडीत केरोबा महाराज राहायचे. कुठून आले, कधी आले, कुणालाच धड ठाऊक नव्हतं. अंगावर एक घोंगडी आणि हातात खराटा, एवढाच त्यांचा संसार. सकाळी उठून महाराज सगळं गाव झाडायचे, आणि झाडता झाडता लोकांनी टाकून दिलेलं जे जे सापडेल ते उचलून ज्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवायचे. फुटका रांजण कुंभाराकडे, तुटलेली वहाण चांभाराकडे. आणि कुत्री? कुत्री मात्र सगळीच्या सगळी चिमाक्काकडे!

चिमाक्काकडेच का, ते ऐका. चिमाक्का लाह्या-फुटाणे भाजायची. घरात एकटी, दारात भट्टी, आणि महाराजांवर जिवापाड श्रद्धा. एका एकादशीला तिनं महाराजांचे पाय धरले आणि म्हणाली, "म्हाराज, मला कायतरी सेवा सांगा." बिचारीला वाटलं, महाराज जप सांगतील, फार तर देवळात दिवा लावायला सांगतील. महाराज म्हणाले, "सांगतो हं." आणि तिसऱ्या दिवशी शेपूट नसलेलं, हाडं मोजता येतील असं एक कुत्रं खांद्यावर टाकून दारात हजर!

"ही घे सेवा," महाराज म्हणाले.

"ही?"

"हीच."

त्याचं नाव पडलं भुंड्या. पंधरा दिवसांनी आली कापशी, पांढरीशुभ्र, पण दोन्ही कान सदान्‌कदा वाहणारे. मग आला दगडू. तो इतका म्हातारा की मागचे पाय बसल्यावर उठत नसत आणि उठल्यावर बसत नसत. चिमाक्काला दिवसातून चार वेळा त्याच्या पोटाखालून धडपं घालून त्याला उचलावं लागे. उचलून पायरीखाली नेलं, की हा शहाणा शांतपणे इकडेतिकडे बघणार, आणि परत आत आणला की मग भट्टीपाशी कार्यक्रम उरकणार!

पण खरा जीव खाल्ला तो भुंड्यानं. भुंड्याला फेफरं यायचं. चालता चालता एकदम ताठ व्हायचा, धाडकन कुशीवर पडायचा, चारी पाय झाडायचा आणि तोंडाला फेस. पहिल्या वेळी चिमाक्कानं छाती पिटून घेतली, मेलाच म्हणाली. तेव्हा महाराज तिच्या दारातच झाडत होते. त्यांनी खराटा भिंतीला टेकवला आणि सांगितलं, "तोंडात बोट नको, पाणी नको. भांडी बाजूला सार. आवाज करू नकोस. आणि देवाचं नाव घेत मोज. साठ-सत्तर नावांत थांबलं तर भिऊ नकोस."

तेव्हापासून चिमाक्का मोजायला लागली. तिनं भट्टीभोवती गुडघाभर उंच मातीचा कठडा घातला, कारण हा पडायचा नेमका विस्तवाकडेच तोंड करून. रोज सकाळ-संध्याकाळ ब्राह्मीचा रस तुपात कालवून द्यायचा, एक वेळ चुकवायची नाही, हेही महाराजांनीच सांगितलेलं. आता देणं सोपं वाटतं ना? देऊन बघा! भाकरीत घातलं तर भुंड्या भाकरी खाऊन औषधाचा तेवढा तुकडा दातांनी अलगद काढून बाजूला ठेवायचा. गुळात घातलं तर गूळ विरघळवून औषध थुंकायचा. शेवटी चिमाक्का त्याला दोन गुडघ्यांत धरून जबडा उघडायची, आत ओतायची, गळा चोळायची, "गिळलं माझ्या राजानं!" म्हणून सोडायची, आणि राजा चार पावलं जाऊन सगळं तिच्या धुतलेल्या लुगड्यावर काढायचा.

एके दिवशी तिचा बांध फुटला. ती तरातरा चावडीवर गेली.

"म्हाराज, तुमी वाळल्या हिरीला पाणी आणलं म्हनं!"

"लोक म्हणतात खरं," महाराज म्हणाले.

"मुक्या पोरीला वाचा दिली म्हनं!"

"तेही म्हणतात."

"मग ह्या एका कुत्र्याचं फेफरं का जात न्हाई वो? एवढंसं कुत्रं! म्हैस न्हाई, हत्ती न्हाई!"

महाराजांनी विचारलं, "आज औषध दिलंस?"

"दिलं की!"

"मग झालं."

"काय झालं? उद्या परत द्यायचंय!"

"हो," महाराज म्हणाले, आणि खाली वाकून झाडायला लागले. चिमाक्का घरी येईपर्यंत स्वतःशीच बडबडत होती. संत असले म्हणून काय झालं, माणसाला काही धड उत्तर द्यायला नको?

त्यात गावाची जीभ. गावात त्र्यंबकबुवा वैद्य म्हणून मोठे मानकरी होते. जरीकाठी उपरणं, पायात लाल कातड्याचा करकरणारा जोडा. नाडी बघताना डोळे असे मिटायचे, जणू आतून कुणी वर्दी देतंय! त्यांच्या परसात ब्राह्मीचा हिरवागार वाफा होता. चिमाक्का एकदा मूठभर पानं मागायला गेली, तर ते ओसरीवर बसलेल्या चार जणांकडे बघून म्हणाले, "ऐकलंत का? धन्वंतरीची विद्या आता कुत्र्याच्या पोटात जायची! चिमे, अगं माणसांचे रोग संपले का गावातले?"

चार जण खो खो हसले. चिमाक्का मुकाट्यानं परत फिरली आणि ब्राह्मीसाठी दर दोन दिवसांनी वरच्या झऱ्यापर्यंत चालत जाऊ लागली. वैद्यबुवा येताजाता भट्टीपाशी थांबून विचारायचे, "काय चिमे, आज कोण रोगी? आणि लाह्या कुठल्या हातानं भाजतेस, कान पुसलेल्या की जबडा धरलेल्या?" ऐकणारे हसत हसत लाह्या न घेताच पुढे जात. चिमाक्काच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण रडायला तरी वेळ कुठे? दगडूला उचलायची वेळ झालेली असायची.

अशात मरीआईच्या देवळात नामसप्ताह बसला. शेवटच्या दिवशी काल्याच्या प्रसादाला बोलवायला महाराज दारात येऊन म्हणाले, "चिमाक्का, तिन्ही कुत्री घेऊन ये."

"म्हाराज, ढोल हाईत, गर्दी हाय, भुंड्याला सोसायचं न्हाई," चिमाक्का कळवळून म्हणाली.

"घेऊन ये."

काय करणार! आज्ञा ती आज्ञा. दगडूला पाठीवर, कापशीला दोरीला आणि भुंड्याला पदराला बांधून ती भर दुपारी देवळात आली. सकाळचं औषध दिलं होतं, पोट भरलं होतं, काही काही चुकवलं नव्हतं. आणि तरीही, तरीही! काला फुटला, ढोल कडाडले, आणि भुंड्या गर्दीच्या मधोमध ताठ होऊन धाडकन पडला. पाय झाडायला लागला. तोंडातून पांढरा फेस.

वैद्यबुवा पाटावरून ताडकन उठले. "मागे व्हा! कुत्रं पिसाळलंय! फेस बघा! एकाला चावलं तर अख्खं गाव भुंकत मरेल. मारा त्याला!"

झालं! मांडवाचे बांबू उपसले गेले. बायका लेकरं उचलून पळाल्या. चिमाक्का भुंड्यावर आडवी पडली. "अवं पिसाळलं न्हाई! फेफरं हाय त्याला! पिसाळलेलं कुत्रं असं एका जागी पडून ऱ्हातं व्हय? साठ नावं थांबा, आपसूक उठंल!"

"तू मला रोग शिकवणार?" वैद्यबुवा गरजले. "जा, लाह्या भाज! ओढा रे तिला बाजूला!"

दोघा गड्यांनी तिला दंडाला धरून फरफटत मागे ओढलं, पदराची गाठ सुटली. सहा बांबू वर उचलले गेले. चिमाक्कानं टाहो फोडला, "केरोबा!"

आणि महाराज आले! धावत नाही, ओरडत नाही. उचललेल्या बांबूंच्या खालून वाकून आत शिरले, खराटा ठेवला, भुंड्याजवळ मांडी घातली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "दमलास रे पोरा. दे इकडे."

त्याच क्षणी भुंड्याचे पाय थांबले. अंग सैल पडलं, श्वास संथ झाला. आणि महाराज? महाराजांचे डोळे वर गेले, अंग काठीसारखं ताठ झालं आणि ते जमिनीवर कोसळले. हातपाय तसेच झाडत होते. तोंडातून तसाच पांढरा फेस!

सहा बांबू हवेत तसेच. गावचा म्हातारा कोतवाल सावळा हातातल्या बांबूकडे बघत म्हणाला, "वैद्यबुवा, आता?"

"आता काय?"

"फेस तर तसलाच हाय. ह्येंलाबी हाणायचं?"

वैद्यबुवांचा चेहरा पांढराफटक पडला. "मूर्खा! हे... हे फेफरं आहे."

"आन्‌ मगाचं काय हुतं?"

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "जोडा हुंगवा! फेफऱ्याला जोडा!" सगळ्यांच्या नजरा वैद्यबुवांच्या पायांकडे गेल्या. आजवर गावातल्या प्रत्येक फेफऱ्याच्या रोग्याला त्यांनी हाच उपाय सांगितला होता, नाकाशी कातड्याचा जोडा धरा. त्यांनी पायातला लाल जोडा काढला, हातात घेतला, खाली वाकले. समोर महाराजांचं मुख! त्या मुखाशी हा जोडा धरायचा? धरला तर सात जन्मांचं पाप, आणि न धरला तर इतकी वर्षं लोकांना काय सांगत आलो? जोडा ना पुढे जाईना, ना मागे येईना.

"ठेवा ते खाली!" चिमाक्का गड्यांना झिडकारून पुढे आली. तिनं तो जोडा वैद्यबुवांच्या हातातून हिसकला आणि लांब भिरकावला. "जोड्यानं कुणाचं फेफरं गेलंय आजवर? सरा मागं! वारं येऊ द्या! तो ढोल कोण बडवतंय अजून, बंद करा मेल्यांनो! पाणी नगं, चमचा नगं, कांदा नगं. घागरी उचला ह्या, डोकं आपटंल त्यांचं!"

आणि काय सांगू, सगळं गाव तिचं ऐकत होतं! पाटील घागरी उचलत होते. चिमाक्कानं महाराजांना अलगद कुशीवर वळवलं, स्वतःचा पदर घडी करून डोक्याखाली सारला आणि नाव मोजायला लागली. वीस. चाळीस. साठ. साठ झाली तरी थांबेना. ऐंशी झाली. तिचा आवाज चिरकायला लागला. मोजता मोजताच ती रडत होती आणि रडता रडताच महाराजांवर खेकसत होती, "मी बरं करा म्हटलं हुतं! सोताच्या अंगावर घ्या म्हटलं न्हवतं! ब्याऐंशी, त्र्याऐंशी, जरा म्हनून ऐकायचं न्हाई मानसाचं, चौऱ्याऐंशी!"

शंभराच्या पुढे कधीतरी महाराजांचा हात सैल पडला. मग पाय. मग एक लांब श्वास आला आणि मुद्रा शांत झाली. बऱ्याच वेळानं महाराजांनी डोळे उघडले. आणि चिमाक्कानं आधी काय विचारलं असेल?

"गेलं का वो त्याचं फेफरं? कायमचं?"

"आजचं गेलं," महाराज म्हणाले.

"आन्‌ उद्याचं?"

"उद्याचं तुझ्याकडे."

चिमाक्कानं कपाळावर हात मारला. "अवं, मग एवढं सगळं कशापायी?"

महाराज हसले. त्यांचा आवाज अगदी थकलेला होता. "चिमाक्का, मी एकदाच घेतलं तरी मला उठवत नाही बघ. तू रोज सकाळ-संध्याकाळ घेतेस. तुझी सेवा मोठी की माझी, हे मला बघायचं होतं. बघितलं."

हे ऐकलं आणि वैद्यबुवा गर्दी सारत निघाले. खांद्यावरचं जरीकाठी उपरणं धुळीत पडलं, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं. ते एका पायात जोडा, एक पाय अनवाणी, असेच पुढे आले आणि महाराजांच्या चरणांवर पडू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझे नकोत. ज्याला मारायला निघालात त्याचे."

वैद्यबुवा वळले, हात जोडले आणि भुंड्यासमोर गुडघे टेकले. भुंड्या तेवढ्यात जागा होत होता. त्यानं डोळे किलकिले केले, समोर एवढं मोठं माणूस बघितलं आणि दात विचकून गुरगुरला.

"थांबा, थांबा!" चिमाक्का ओरडली. "तुमास्नी वैद्य कुनी केलं वो? फेफरं उतरल्यावर घटकाभर त्याला कायबी उमगत न्हाई, मलासुदिक वळखत न्हाई. चावंल! तितंच बसा. हलू नका."

"किती वेळ?" वैद्यबुवांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"त्याला वळख पटंस्तवर!"

मग काय, शेंदूरवाडीचे त्र्यंबकबुवा वैद्य भर दुपारच्या उन्हात, धुळीत, हात जोडून बसून राहिले. घाम नाकावरून ओघळत होता, पण तो पुसायची हिंमत झाली नाही. अख्खं गावही बसून राहिलं. कुणी हसलं नाही. भुंड्या आधी भिंतीला धडकला, मग उगाच गोल गोल फिरला, दगडूला हुंगून आला, कापशीवर भुंकला. पाणी दिसलं तसं घटाघटा प्यायला, सगळं पाणी, शेवटच्या थेंबापर्यंत. मग मान वर केली, चिमाक्काला बघितलं, आणि शेपूट नव्हतीच, म्हणून मागचं अख्खं अंग हलवत तिच्या कुशीत येऊन बसला.

चिमाक्कानं त्याच्या मानेवर हात फिरवला, डोळ्यांत नीट निरखून बघितलं आणि वैद्यबुवांकडे वळली.

"हां," ती म्हणाली. "आता वाका."

आणि वैद्यबुवा वाकले.