पाठशिळा

खिंडीच्या डोक्यावर ती कमरेएवढी उभी शिळा दिसते ना, भंडाऱ्याने पिवळी झालेली, तिच्यापुढे चपला काढून हात जोडणारे पुष्कळ येतात. मी अडवत नाही, पण सांगते की हा देव नव्हे. देव खाली ओढ्याकाठी आहे, त्याचं वेगळं देऊळ आहे. ही पाठशिळा, बाईने पाठ टेकायची जागा. जरा मागे कललेली आहे, टेकून बघा. गडीमाणसांनाही चालतं. फक्त कोणी पहिलटकरीण तिथे बसलेली असेल, तर गडीमाणसाने लांब उभं राहायचं आणि पाठ फिरवायची.

ही रीत आमच्या वाड्याची. वाडा म्हणजे तुमचा चौसोपी नव्हे. आम्हा धनगरांचा वाडा पायांवर चालतो. दहा-बारा घरची माणसं, मेंढरं, कुत्री आणि घोड्यांवर लादलेले संसार, सगळं मिळून एक वाडा. दिवाळी झाली की माणदेशातून निघून याच खिंडीने कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आधी परतायचं. एका जागी फार राहिलं की चारा संपतो, म्हणून पूर्वी वाडा कोणासाठी थांबत नसे. बाई बाळंत झाली तरी सकाळी पोर घोड्यावर बांधून चालायला लागायचं.

त्या काळात धुळबा नावाचा वाड्याचा कारभारी होता. त्याने काठी उचलली की कुत्रीसुद्धा उठायची, असं सांगतात. त्याची बायको ठकूबाई आणि थोरली सून साळू. साळूचं पहिलं बाळंतपण खिंडीच्या अलीकडच्या मुक्कामावर झालं. मुलगी झाली, चांगली ठणठणीत. ठकूबाईने आपल्या सासूने केलं तेच केलं. सुनेचं पहिलं चिकट पिवळं दूध, म्हणजे चीक, 'बाधतो' म्हणून मातीत पिळून टाकला आणि पोरीला कापसाच्या बोळ्याने शेळीचं दूध दिलं. बोळ्याने दूध पितोस का, असं आपण भोळ्या माणसाला विचारतो. इथे पिणारी एका दिवसाची होती, भोळे सगळे पाजणारे होते.

वाटेत साळूने पोरीला छातीशी धरून पाहिलं. पोर नुसतं टोक धरायची आणि सोडायची. साळू तिचं डोकं दाबायची, ती मान मागे टाकायची. तिसऱ्या दिवशी साळूची छाती भरून दगडासारखी झाली, बोंडांना चिरा पडल्या आणि पोरीचा आवाज मांजराच्या पिल्लाएवढा उरला. बायका म्हणाल्या, हिला पान्हाच नाही. ठकूबाईचं पहिलं पोर असंच चौथ्या दिवशी गेलं होतं, आणि तेव्हाही बायका हेच म्हणाल्या होत्या.

त्या सकाळी वाडा इथे, खिंडीच्या डोक्यावर होता. ओझी लादून झाली होती. तेवढ्यात एक पहिलारू मेंढी व्याली आणि कोकराला लाथा मारू लागली. धुळबाने घोडी थांबवली. मेंढीला शिळेशी टेकवून धरलं, दोन धारा पिळून सड मऊ केला आणि म्हणाला, "चीक पोटात गेल्याबिगार कोकरू जगत न्हाई. त्ये पिऊस्तवर कुनी हालायचं न्हाई."

साळू घोड्याच्या कडेला उभी होती. सासऱ्यापुढे तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. आताही तिने पदर नाकापर्यंत ओढला आणि विचारलं सासूलाच, पण सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं. "आत्याबाय, कोकरापायी वाडा थांबतूया. मग माझ्या लेकीचा चीक मातीत का वतला?"

शेकडो कोकरं हातांनी जगवलेली माणसं ती. चीक म्हणजे जीव, हे त्यांच्या पोराटोरांनाही ठाऊक. माणसाच्या लेकराच्या वेळी मात्र एकालाही आठवलं नाही. आमचेच पूर्वज असले तरी मला त्यांचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

साळू सरळ चालत गेली आणि मेंढीच्या शेजारी शिळेला पाठ लावून बसली. "पोर पेल्याबिगार मी हितनं उठत न्हाई," ती म्हणाली. "तुमी जावा."

खिंडीतला चारा आदल्या दिवशीच संपला होता. सगळे धुळबाकडे बघू लागले. त्याने काठी जमिनीत रोवली आणि ओझी उतरवायला सांगितली.

आता शिकवणार कोण? बायकांनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. एक म्हणे दृष्ट काढा, दुसरी म्हणे मेथी द्या, तिसरी डोकं दाबायला सांगे. जे करायचं ते खरं धुळबाला ठाऊक होतं, पण सासऱ्याने सुनेशी असलं बोलायचं कसं? तेव्हा तो म्हणे पंधरा पावलं लांब गेला, सुनेकडे पाठ केली, मेंढीला समोर धरलं आणि तिच्याशी बोलू लागला. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं ते मेंढी बोले सुने लागे झालं.

"अगं येडे, वाकू नगंस," तो मेंढीला म्हणाला. "टेकून ऱ्हा, पिल्लाला तुज्याकडं येऊ दे. आदी चार धारा पिळ, मऊ हूं दे. त्याच्या पोटाला पोट लाव. डोस्कं दाबू नगंस, दाबलं की त्ये मागं सरतंय. त्वांड मोठं उघडूस्तवर दम धर. मग नुसतं टोक नगं, त्वांडभर दे."

मेंढी कधी वाकते का? पण कोणी हसलं नाही. साळू टेकली. पहिल्या दिवशी पोरीत चोखायचं बळच नव्हतं, तेव्हा साळूने पिळून थेंब थेंब तिच्या ओठांवर सोडला. दुसऱ्या दिवशी पोर धरायची आणि सुटायची. साळू रडली, म्हणाली मला जमत नाही, आणि डोळे पुसून पुन्हा लावून बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी पोरीने आपणहून नाक वर केलं, मोठा आ केला आणि तोंडभर धरलं. मग घोट ऐकू आला. मग दुसरा.

धुळबाने मागे न वळता मेंढीला विचारलं, "प्याली का गं?"

मेंढी काय बोलणार? साळू पहिल्यांदा सासऱ्याशी बोलली. "प्याली, मामा."

"माजं बी जगलं असतं," ठकूबाई एवढंच म्हणाली. मग कनवटीचा भंडारा काढून तिने शिळेवर उधळला आणि शपथ घेतली की इथून पुढे पहिलटकरणीपाशी सासू एक शब्द बोलणार नाही. जी सगळ्यात शेवटी शिकली, तीच पुढचीला शिकवेल. हात पक्का बसावा म्हणून वाडा आणखी दोन दिवस राहिला. मेंढरांनी काटेकुटे खाल्ले, कोकणात खतासाठी मेंढरं बसवायची ठरलेली शेतं दुसऱ्या वाड्याने धरली. धुळबाला त्याबद्दल कोणी बोललं की तो पोरीला उचलून दाखवायचा.

आजही, आता टेम्पो आले, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, तरी वाड्यात पहिलटकरीण असली की तो इथे पाच दिवस थांबतो. तिच्याशेजारी बसते ती वाड्यातली सगळ्यात नवी आई. गेल्या हिवाळ्यात माझी धाकटी सून पहिलटकरीण म्हणून शिळेला टेकून बसली होती. माझं तोंड कसं चालतं ते तुम्ही बघताच आहात. पण त्या पाच दिवसांत मी अवाक्षर काढलं नाही. जिभेवर आलेले सगळे सल्ले गिळले. चौथ्या सकाळी मेंढरं भुकेने ओरडत होती, कुत्री भुंकत होती, आणि त्या सगळ्या गलक्यातून मला नातवाचा घोट ऐकू आला. सुनेने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बोलायला बंदी आहे, रडायला नाही. मी पोटभर रडले.