पाट्या उतरवायचा दिवस

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता खारीबाव प्रभागात एकाही दारावर नावाची पाटी नसते. बागवान, पद्मसाली, कैकाडी, जैन, सगळ्यांच्या चौकटी बोडक्या. याचं कारण नरसव्वाच्या घरचे लोक सांगतात.

हे घडलं तेव्हा म्हणे प्रभाग नवा होता. एका जातीच्या मतांवर इथे निवडून येता येत नसे, आणि काहींना तेच खुपत होतं. फळवाला हमीद बागवान साऱ्या गल्लीला मतदानाला बाहेर काढी. त्याला निरोप आला: घरातून उचलू.

गल्ली घाबरली. कुणाचं घर कुठलं ते बाहेरच्यांना कळू नये म्हणून पाट्यांची अदलाबदल करायचं ठरलं. हमीदची पाटी समोर नरसव्वाच्या दारावर आली.

"आता तू बागवानीण गं," शेजारीण म्हणाली.

"मग डाळिंबं फुकट खाईन," नरसव्वा म्हणाली.

ज्या दारावर ती पाटी लागेल, तिथेही कुणी राहतंच, हे मात्र एकाच्याही ध्यानात आलं नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी चार वाजता जीप आली. माणसं परगावची होती, भाड्याने आणलेली. धडाधड दारं लागली. नरसव्वाने कडी कोयंड्यात अडकवली. बाहेरून लाथ बसली. तिचा नवरा यल्लप्पा हातमागावरून उठला.

"मी हमीद नाही म्हटलं तर घरोघर शोधतील," तो तिला हळूच म्हणाला, आणि त्याने दार उघडलं.

"हमीद तूच?"

"होय. चप्पल घालू द्या."

घालू दिली नाही. हा हमीद नव्हे, हे शब्द नरसव्वाच्या ओठांपर्यंत आले. समोरच्या दाराच्या फटीत हमीदच्या बायकोचा डोळा दिसत होता, आत तान्हं रडत होतं. नरसव्वाने पदर तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी साऱ्या गल्लीने मतदान केलं. रांगेत पहिली नरसव्वा होती, असं सांगतात. हमीद तिच्या पाया पडायला आला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पाटी ने तुझी. पुन्हा कुणाची कुणाच्या दाराला लावू नका."

आजही त्या दिवशी पाट्या उतरतात. आजही अनोळखी गाडी वळली की बाया पोरांना आत ओढतात. यल्लप्पा परतला नाही. त्याला घेऊन जीप गेली ती गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पोलीस चौकीसमोरून, उजेडात. चौकीत दोन शिपाई बसले होते. त्यांनी काय पाहिलं, हे त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही.