उभा राजा आणि उलट्या पिसांची कोंबडी

एका राज्यात एक राजा उभा होता.

इतर राज्यांतले राजे बसून राज्य करतात, बसून जेवतात, बसून राण्यांशी भांडतात. राजा उदयभानही हे सगळं करी, पण उभ्याने. सिंहासनावर टेकायला गेला की म्हशीने माशी झटकावी तसं सिंहासन त्याला झटकून टाकी. पालखी उडवून लावी, घोडा उडवून लावी, साधा चौरंगसुद्धा ऐकत नसे. आडवं व्हावं म्हटलं तर जमीनच त्याला उचलून पुन्हा पायांवर ठेवी. झोप यायची ती खांबाला टेकून, डुलकी डुलकीने. राजा उभा म्हणून प्रधान उभा, प्रधान उभा म्हणून सगळा दरबार उभा, आणि पाय दुखत असताना केलेला न्याय कसा असणार, तसाच तो असे. पाहुणा दारी आला तर लोक 'या' म्हणत आणि पुढचा शब्द गिळून टाकीत. राज्यात तो शब्द उच्चारणं बरं दिसत नव्हतं.

हे झालं कसं, तेही ऐका. दोन वसंतांपूर्वी राजा शिकारीहून परतत होता. उन्हाने त्रासला होता, सेवक मागे राहिले होते. डोंगराच्या पायथ्याशी साळूबाईची वाडी होती. साळूबाई विधवा बाई, एकटी राहणारी. चार शेळ्या, एक म्हैस, बदकांची एक रांग आणि अंगणभर कोंबड्या एवढा तिचा संसार. ती ओढ्यावर गेलेली असताना राजा ओसरीत शिरला. ओसरीत एका टोपलीत उलट्या पिसांची एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. राजाला बसायला हवं होतं. त्याने कोंबडीला पंख धरून बाजूला केलं, टोपली पालथी घातली आणि वर बसला.

अंडी ओसरीवरून घरंगळली आणि फुटली. त्यांत पिल्लं होती, चोची आलेली.

कोंबडी ओरडली नाही. फुटलेल्या अंड्यांभोवती तिने एक फेरी मारली, मान वर केली आणि ती बोलली, "राजा, बसलेलीला तू उठवलंस. आता या राज्यात अंड्यांवर कोणी बसणार नाही, आणि तूही कशावर बसणार नाहीस."

टोपलीने राजाला तिथल्या तिथे उडवून दिलं.

त्या दिवसापासून राज्यातली एकही कोंबडी खुडूक झाली नाही. एरवी अंडी घालून झाली की कोंबडी खुडूक होते, दाणापाणी विसरते, अंगाखाली अंडी घेऊन दिवसचे दिवस बसून राहते. ते बसणंच संपलं. कोंबड्या अंडी घालीत आणि चालू लागत. बदकांचं तेच, पारव्यांचं तेच. कावळ्यांनी घरटी बांधली आणि मोकळी सोडून दिली, तेव्हा कोकिळेची तर फारच पंचाईत झाली. राज्यात अंडी उदंड होती, पिल्लू एक नव्हतं. म्हातारी पाखरं एकेक करून सरत होती. असा तिसरा वसंत उजाडला, आणि एके सकाळी खांबाला टेकलेल्या राजाच्या लक्षात आलं की आज आपल्याला कोणी जागं केलेलं नाही. बाग मुकी होती. स्वतःच्या पायांचं दुःख त्याने आजवर पुष्कळ केलं होतं. या शांततेची मात्र त्याला भीती वाटली.

खिडकीत एक भारद्वाज येऊन बसला आणि म्हणाला, "राजा, आणखी एक वसंत असा गेला तर आकाश रिकामं होईल. शाप जिथे लागला तिथेच सुटेल."

राजाने मुकुट खुंटीला अडकवला आणि एकटाच पायी निघाला.

वाडीत पोचला तेव्हा अंगणातल्या आंब्याचा मोहोर गळत होता. कुंपणाच्या पांगाऱ्याला लाल फुलं आली होती. साळूबाई शेळीचं दूध काढीत होती. तिने मान वर करून पाहिलं आणि ओळखलं.

"या महाराज," ती म्हणाली. "बसा म्हणायची सोय तुम्हीच ठेवली नाही."

"बाई, मी चुकलो."

"ते मला नका सांगू. माझी फक्त टोपली होती. अंडी जिची होती, ती तिथे आहे."

उलट्या पिसांची कोंबडी कुंपणाच्या भिंतीवर उभी होती. तीही उभीच. शाप देणाराही शापातच राहतो. आपल्या बोलण्यात आपणही आलो, हे तिला बोलून झाल्यावर कळलं होतं.

"राजा, तीन कामं कर," ती म्हणाली. "बसल्या टेकडीवरचं गवत आण. धूम्रकेश मांत्रिकाच्या चुलीतली राख आण. तिसरं काम आल्यावर सांगेन."

राजा निघाला. बसल्या टेकडीवर जो दमून बसे तो दगड होई. चढ असा जीवघेणा की बसल्यावाचून कोणी वर जात नसे. वाटेवर दगडाचे राजपुत्र होते, दगडाचे व्यापारी होते, कपाळावर हात घेतलेली एक दगडाची म्हातारी होती. दमलेला राजा सवयीने एका शिळेवर टेकायला गेला. शिळेने त्याला उडवून लावलं. असं वाटेत कितीदा झालं. शापाचे असेही उपकार होतात. माथ्यावरचं मऊ पिवळं गवत त्याने ओंजळीने खुडलं आणि शेल्यात बांधलं.

पुढे रानात धूम्रकेशाची गुहा होती. चुलीपाशी सोन्याचा हंडा होता, आणि सोन्यासाठी हंड्यात हात घातलेली माणसं त्याच्याभोवती बसली होती. त्यांचे हात कोपरापर्यंत सोन्याचे झाले होते. त्यांना घास उचलता येत नव्हता, म्हणून मांत्रिक त्यांना दोन वेळा भरवीत असे. माणूस वाईट नव्हता, एकटा होता.

"सोनं नेतोस की राख?" त्याने विचारलं.

"राख."

"राख कशाला?"

"टोपलीत घालायला. म्हणजे कोंबडीला उवा होत नाहीत." हे साळूबाईने निघताना सांगितलं होतं.

मांत्रिकाने एक मडकं भरून राख दिली. देताना मडक्याला हात लावून पाहिला, फार गरम नाही ना म्हणून.

वाडीत परतल्यावर राजाने गवत आणि राख कोंबडीपुढे ठेवली.

"आता तिसरं," ती म्हणाली. "अंडी आण. विकत नाही, उचलून नाही. मागून."

हे काम राजाला सगळ्यांत जड गेलं. टेकडी चढणं सोपं होतं; मागायची त्याला कधी वेळ आली नव्हती. खुराड्यापुढे तो घसा खाकरत उभा राहिला. आत तिघी होत्या: तुरेवाली, चितकबरी आणि लंगडी.

"मागतोस?" तुरेवाली म्हणाली. "मागच्या खेपेला विचारलं नव्हतंस."

"नव्हतं विचारलं. आता विचारतो."

"काय करशील त्यांचं?" चितकबरीने विचारलं.

राजाला ते ठाऊक नव्हतं. खोटं बोलावंसं वाटेना. "काय होईल ते सांगता येत नाही. पण गार होऊ देणार नाही."

"शब्द?" लंगडी म्हणाली.

"शब्द."

तिघी बाजूला झाल्या. अंडी अजून कोमट होती. राजाने ती एकेक करून अशी उचलली की साळूबाईला हसू आलं, आणि हसू आलं याचा थोडा रागही आला.

टोपलीत खाली राख, वर गवत, कडेला लोखंडाचा एक खिळा, म्हणजे वीज कडाडली तरी अंडी नासत नाहीत, आणि मध्ये अंडी. टोपली सुरेख झाली.

"तिन्ही कामं झाली," राजा म्हणाला. "शाप सुटला?"

"आत्ता कुठे टोपली तयार झाली," कोंबडी म्हणाली. "यावर बसायचं कोणी?"

राजाचा हात अंड्यांवर होता, आणि अंडी त्याच्या हाताखाली निवू लागली होती. त्याने टोपलीशेजारी बसून पाहिलं, जमिनीने फेकून दिलं. पुन्हा बसून पाहिलं, पुन्हा तेच. शेवटी त्याने दोर मागितला, टोपली आंब्याच्या फांदीला छातीच्या उंचीवर टांगली, तिला दोन्ही हातांनी कवेत घेतलं, वरून शेला पांघरला आणि तो उभा राहिला.

तो वसंत त्याने तसाच काढला. कोंबडी उठते तितकाच वेळ, पाण्यापुरता आणि घासापुरता, तो बाजूला होई, की पळत परत. अंडी हळूच फिरवी, म्हणजे सगळीकडून ऊब लागेल. त्याच्या पाठीवर मोहोर गळून संपला, पुढे हिरव्या कैऱ्या दिसू लागल्या. बदकांची रांग सकाळी त्याच्या पायांमधून ओढ्याकडे जाई आणि संध्याकाळी पायांमधूनच परत येई. त्यांना तो आंब्याचाच एक भाग वाटत असावा. म्हैस येऊन त्याच्या दंडाला पाठ घाशी. शेळी व्याली, आणि तिचं करडू चार पायांवर उभं राहिल्यापासून राजाच्या मागे लागलं. धोतराचा काठ चघळी, पोटऱ्यांवर पुढचे पाय ठेवून वर चढू पाही आणि घसरून पडे. राजा त्याला म्हणे, "जा बाबा, माझे हात गुंतलेत." करडू जात नसे.

साळूबाई दोन वेळा भाकरी आणून देई. आधी ती न बोलता ठेवून जाई. मग चटणी वाढू लागली, मग ताक. एकदा म्हणाली, "महाराज, पोटुशी बाई पोट सांभाळते तसे उभे आहात."

"अवघड असतं हो," राजा म्हणाला.

"आता कळलं ना?" ती म्हणाली, आणि त्या दिवशी ताकावर लोणीही होतं. राजावर आपल्याला माया वाटू लागली आहे हे तिने स्वतःशी कबूल केलं, मोठ्याने नाही.

एके दुपारी वाटेवर धूळ उठली. प्रधान आला, दरबार आला, आणि सगळ्यांच्या मागून धूम्रकेश मांत्रिक सोन्याचं एक आसन डोक्यावर घेऊन आला. त्याच्या गुहेतला सगळा हंडा आटवून ते केलं होतं.

"राजा," तो म्हणाला, "इतक्या वर्षांत राख मागणारा तू एकटा. म्हणून हे केलं. या आसनाला कोणताही शाप लागत नाही. सूर्य मावळायच्या आत बस, आणि उगवेपर्यंत हलू नकोस. पुढे जन्मभर कुठेही बसता येईल. उशीर केलास तर मात्र याचं मातेरं होईल."

राजाने आसनाकडे पाहिलं. मऊ गादी होती, पाठीला लोड होता. त्याच्या गुडघ्यांत अशी कळ उठली की डोळ्यांत पाणी आलं. त्याला बसायचं होतं. जगात दुसरं काही नको इतकं बसायचं होतं.

"अंडी?" त्याने कोंबडीला विचारलं.

"रात्रीत गार होतील. तुझा शाप सुटेल. आमचा राहील."

प्रधानाने टोपली धरायला लगबगीने हात पुढे केले. पण कोंबड्यांना शब्द प्रधानाने दिला नव्हता. खुराड्याच्या दारात तिघी राजाकडे पाहत उभ्या होत्या.

"धूम्रकेशा, तुझे उपकार आहेत," राजा म्हणाला. "पण मला सवड नाही."

सूर्य कलत गेला. कोणी हललं नाही. शेवटची तिरीप डोंगराआड गेली, आणि सोन्याच्या आसनाची माती झाली. राजा मान खाली घालून टोपलीला बिलगून होता. आता आपण जन्मभर उभे, हे त्याने मनाशी पक्कं करून टाकलं होतं, आणि तरीही त्याला रडू येत होतं.

तेवढ्यात त्याच्या छातीशी काहीतरी टकटकलं.

"साळूबाई!" राजा ओरडला. "आतून वाजतंय!"

साळूबाई धावत आली, कान लावला. "चोच मारतंय पिल्लू! महाराज, टोपली खाली घ्या आधी. बाहेर पडलं की कडेवरून कोसळेल. आणि हात नका लावू, त्याचं त्याला फोडू द्या."

राजाने गाठ सोडली, टोपली जपून जमिनीवर ठेवली आणि आत वाकून पाहू लागला. एका अंड्याला चीर गेली होती. चिरेतून इवलीशी चोच आत-बाहेर होत होती. पिल्लू थांबे, दम घेई, पुन्हा मारी. राजाचा श्वास त्याच्याबरोबर थांबे आणि त्याच्याबरोबर चाले. कवच दुभंगलं. ओलं, वेडंवाकडं, डोळे मिटलेलं एक पिल्लू गवतावर लोळलं आणि चिवचिवलं. दोन वर्षांनी त्या राज्यात तो आवाज झाला. साळूबाईने पदर डोळ्यांना लावला.

अशात राजाला पायांवर काहीतरी उबदार जाणवलं. करडू येऊन त्याच्या मांडीवर चढलं होतं, गोल वळून घेतलं होतं आणि नाक पोटाशी खुपसून झोपलंही होतं. राजा त्याच्याकडे पाहत राहिला. उभ्या माणसाला मांडी नसते. मग ही मांडी आली कुठून, असं त्याच्या मनात आलं, आणि तेव्हा त्याला कळलं की आपण बसलो आहोत.

जमीन गप्प होती. मातीने त्याला धरून ठेवलं होतं.

उलट्या पिसांची कोंबडी भिंतीवरून उतरली. टोपलीपाशी आली, पिसं फुलवली, उरलेल्या अंड्यांवर अलगद टेकली आणि तिने डोळे मिटून घेतले. तिच्या गळ्यातून खुडूक कोंबडीचा तो जाडसर आवाज निघाला. त्याच घटकेला राज्यभर कोंबड्या आपापल्या अंड्यांकडे वळल्या, पारवे वळले, कावळे घरट्यांत परतले. टेकडीवरचे दगड हातपाय झाडत उठले आणि आपापल्या घरी निघाले. सोन्याचे हात पुन्हा माणसांचे झाले, आणि धूम्रकेश गुहेत परतला तेव्हा ती माणसं त्याच्यासाठी भात शिजवीत होती.

दरबार मात्र अजून अंगणात उभाच होता. प्रधान पुढे झाला, त्याने मुजरा केला. "महाराज, शाप सुटला. सिंहासन वाट पाहत आहे. आता उठावं."

राजाने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, प्रधानजी," तो म्हणाला. "आत्ताच झोप लागलीय त्याला."

प्रधानाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग चपला काढून तोही हळूच शेणाने सारवलेल्या अंगणात बसला. त्याच्यामागून सगळा दरबार बसला.

त्या वाडीत जशी ऊब राहिली, तशी तुमच्या घरी राहो, आणि तुमच्या दारची अंडी सगळी उबोत.