पुनवेचं कडवं

कोणे एके काळी खाडीच्या काठी एक घर होतं. घरात सासू चांगुणा, सून हौसा आणि नात पारी. हातातोंडाची गाठ कशीबशी पडायची, बाळांनो.

त्या गावचं एक गाणं होतं, भरती-ओहोटीचं. कुठल्या तिथीला पाणी कसं वागतं, ते सगळं त्यात. पोरांना वाळूच्या बेटावर शिंपल्या वेचायला जावं लागे, म्हणून गाणं यायलाच हवं. ते शिकवायचा मान चांगुणेचा. झोळी हलवत, संथ सुरात म्हणायची. आवाज असा गोड, की अष्टमीचं कडवं येईतो पोरं गाढ झोपलेली. पुनवेचं शेवटचं कडवं कुण्णी ऐकलेलंच नाही!

मग व्हायचं तेच झालं. एका पुनवेला पारी बेटावर असतानाच पाणी चढलं, आणि ती गळ्याइतक्या पाण्यातून कशीबशी काठाला लागली.

हौसेनं तिला पदरात घेतलं आणि म्हणाली, "आत्याबाई, गाणं सोन्यासारखं आहे. पण पोरं त्यात झोपतात हो."

हौसेच्या माहेरी सगळे ढोलकी वाजवणारे. तिनं गाण्यातला शब्द हलवला नाही, फक्त ते ढोलकीच्या ठेक्यावर बसवलं. अंगणात पोरं पाय आपटत नाचायला लागली:

"पुनवेचं पाणी लांब लांब जातं,
मागे नको पाहू गं, धावत येतं!"

चांगुणा कडाडली, "गाणं आहे की लग्नाची वरात?"

"वरातच बरी, आत्याबाई. वरातीत कुणी झोपत नाही."

सासूनं अबोला धरला. सून वाजवत राहिली.

पुढल्या पुनवेला पाणी पार लांब गेलं. बेटावर शिंपल्यांचा खच पडला होता. पोरं वेचता वेचता तेच गाणं म्हणत होती. शेवटचं कडवं आलं आणि पारी थबकली. "अगं, आज पुनवच! टाका टोपल्या, पळा!"

पोरं काठाला लागली, वळून बघतात तर बेट कुठंय? नुसतं पाणी!

चांगुणा धावत आली. नातीच्या तोंडावरून हात फिरवला आणि सुनेला म्हणाली, "दे गो ती ढोलकी. थाप कुठं मारायची, दाखव मला."

तेव्हापासून खाडीकाठची सगळी गावं आपली पोरं त्या अंगणात धाडू लागली. येताना कुणी तांदूळ आणी, कुणी ताजी मासळी. त्या घरची चूल पुन्हा कधी थंड राहिली नाही.

म्हणून सांगते, शिकवण जुनीच असू द्या, पण ऐकणारा जागा राहील अशा चालीत सांगा.