चोपदारामागून येणारा

एकदा एका जहागिरीच्या गावी एक चोपदार होता, आणि एका दुपारी तो चोपदार राहिला नाही.

चोपदाराचे काम वरवर पाहता सोपे असते. चांदीने मढवलेली काठी घेऊन धन्याच्या पुढे चालायचे, वाटेतली माणसे बाजूला करायची, आणि दार आले की धन्याचे नाव व किताब खड्या आवाजात पुकारायचे. पण त्या कामाला एक कठीण नियम होता. चोपदाराने मागे वळून पाहायचे नाही. धनी किती अंतरावर आहे, थकला आहे की रागावला आहे, हे त्याने केवळ पावलांच्या आवाजावरून ओळखायचे आणि आपली चाल तशी ठेवायची. दारापाशी एक पाऊल डावीकडे सरून उभे राहायचे. धनी आत गेल्यावर मगच हलायचे. आत जाणे हे त्याचे काम नव्हते. मागे वळून पाहू नकोस, हा निषेध आपल्या कथांत ठायी ठायी येतो, आणि मागे काहीतरी आहे हे ऐकणाऱ्याला प्रत्येक वेळी ठाऊक असते. या चोपदाराने तो निषेध अकरा वर्षे पाळला, आणि पोटासाठी पाळला.

त्याची चूक अशी झाली. जहागीरदाराचा एक किताब वरच्या दरबाराने काढून घेतला होता. तो यापुढे पुकारायचा नाही, असे चोपदाराला आदल्या दिवशी बजावलेही होते. पण दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी भरलेल्या बैठकीच्या दारात त्याच्या कंठाने अकरा वर्षांची सवय बाहेर टाकली. किताब घुमला. मग एक पाहुणा पान लावता लावता म्हणाला, "किताब गेला, पण आवाज अजून नोकरीत आहे वाटतं." सगळे हसले. जहागीरदार हसला नाही. त्याने काठी काढून घ्यायला सांगितले, आणि चोपदाराला मुदपाकखान्याच्या दाराने बाहेर घालवण्यात आले.

बायको व लहान मुलगी घेऊन तो सासुरवाडीस आला. पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात त्याचा मेहुणा, तो रिकाम्या हाताने परतला की विचारू लागला, "दाजी, आज कुणाची स्वारी आणलीत?" तिसऱ्या महिन्यात चेष्टाही संपली. माघाच्या पौर्णिमेपर्यंत काम मिळाले नाही, तर बहीण आणि भाची इथे राहतील, दाजींनी मात्र आपली वाट धरावी, असे त्याने सरळ सांगून टाकले. बायको चुलीपाशी होती. तिने मान वर केली नाही, पण भाकरी तव्यावर करपू दिली.

काम मागायला तो रोज निघे. लोक त्याला आदराने बसवू पाहत. तोही आरंभी सांगे, की मी अमक्या सरकारांचा चोपदार. मग सरकारांचे घराणे, सरकारांची बैठक, सरकारांचा शब्द. ऐकता ऐकता समोरच्याची नजर त्याच्या खांद्यावरून मागे जाई. बोलणे तुटक होई. एकाने चाचरत विचारले, "मागचे कोण?" तो म्हणाला, कोणी नाही. आणि दार लागले.

नदीच्या वळणावर एका लाकूडव्यापाऱ्याची वखार होती. वरच्या रानातून सागाचे ओंडके एकमेकांस बांधून, त्यांचे तराफे करून प्रवाहातून खाली आणीत. वखारीच्या अलीकडे पाण्यात खडकांची एक ओळ होती, आणि उंच कातळावरून हाक मारून तराफेवाल्यांना वाट सांगणारा माणूस व्यापाऱ्याला हवा होता. जुना माणूस म्हातारपणाने आपल्या गावी गेला होता, आणि त्यानंतर दोन तराफे फुटले होते. चोपदाराचा आवाज ऐकताच व्यापारी खूश झाला व म्हणाला, आत या, बोलू. चोपदार उंबऱ्यापाशी गेला, एक पाऊल डावीकडे सरला आणि उभा राहिला. व्यापारी वाट पाहू लागला. चोपदारही वाट पाहत होता. तेवढ्यात वखारीच्या लाकडी पायरीवर एक पाऊल वाजले. पायरीवर कोणी नव्हते.

व्यापाऱ्याने दाराला हात घातला. "मला एकच माणूस हवाय," तो म्हणाला. "दोघांचं काम नाही माझ्याकडे."

त्याच नदीकाठी, वखारीपासून कोसभर अंतरावर, एक वृद्ध ज्ञानी पुरुष राहत असे. त्याच्यापाशी एक शिष्य सहा वर्षे शिकत होता. पौर्णिमेला दोन दिवस उरले असताना, भर दुपारी, शिष्याने काम मागत फिरणाऱ्या चोपदाराला अंगणाकडे येताना पाहिले. त्याची उजवी मूठ काहीतरी धरल्यासारखी मिटलेली होती, आणि तीत काही नव्हते. फाटकाशी निजलेले कुत्रे उठून बाजूला झाले. चोपदार पुढे गेला. कुत्रे परतून आपल्या जागी बसले, आणि लगेच पुन्हा उठून बाजूला झाले. या वेळी रस्ता रिकामा होता. शिष्याच्या हातातली पोथी तशीच राहिली.

वृद्धाने ते पाहिले असावे. तो गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठला, दाराशी आला आणि चोपदाराकडे न पाहता त्याच्या शेजारून पुढे गेला. रिकाम्या अंगणापुढे त्याने हात जोडले.

"यावं," तो म्हणाला. "फार चालणं झालं तुमचं."

त्याने स्वतः पाट मांडला, तांब्या आणला आणि जिथे कोणी नव्हते तिथे, पायांवर घालावे तसे, हळूहळू पाणी घातले. चोपदार दाराच्या डावीकडे, अंगणाकडे पाठ करून उभा होता. त्याला कोणी बस म्हटले नाही. पाहुणा ताटकळत ठेवून वाऱ्याला आसन देणाऱ्या गुरूकडे पाहून शिष्याला वाटले, की जे या माणसाला लागले आहे ते आता गुरूलाही लागले.

मग वृद्धाने चोपदाराला विचारले, कोणाला घेऊन आलास. एकटाच आलो, असे तो म्हणाला. वृद्धाने पुन्हा विचारले नाही. शेवटी चोपदार आवाज दाबून बोलला.

"सरकार आहेत."

आणि मग त्याने सारे सांगितले. मुदपाकखान्याच्या दारातून बाहेर पडला त्या क्षणापासून पावले त्याच्या मागे होती. त्याने ओळखले, की सरकारांचा राग उतरला आहे. चारचौघांत काढले, आता चारचौघांत परत बोलावणे त्यांना जड जाते, म्हणून ते मुकाट मागून येत आहेत. आज ना उद्या हाक मारतील. आपण वळून पाहिले तर ते संकोचतील आणि परत जातील. म्हणून तीन महिन्यांत त्याने एकदाही मान वळवली नव्हती. रात्री भिंतीकडे तोंड करून निजे, आणि कूस बदलत नसे.

"तिथं काठी आता कुणाकडे आहे?" वृद्धाने विचारले.

"पाचव्याच दिवशी दुसरा ठेवला म्हणतात."

"आणि तुझे सरकार?"

"बरे आहेत. संक्रांतीला तिळगूळ वाटला म्हणे, स्वतःच्या हातानं."

"मग इतक्या लांब, अनवाणी, तुझ्यामागून कोण चालतंय?"

चोपदाराची मूठ सैल पडली. सरकार जोड्यावाचून अंगणातही उतरत नसत. अकरा वर्षे त्याने त्या जोड्यांची करकर ऐकली होती. तिच्यावरून तो हवापाणी सांगावे तशी धन्याची मर्जी सांगे.

"पावलांवरून माणूस ओळखणं हा तुझा धंदा," वृद्ध म्हणाला. "तीन महिने ही पावलं तू मोजलीस. ऐकलीस का एकदा तरी?"

असे म्हणून त्याने पाटाकडे वळून, जरा चालून दाखवावे, अशी विनंती केली. अंगण नुकतेच सारवलेले होते. शिष्याच्या डोळ्यांदेखत त्या सारवणावर पाटापासून एक ओले पाऊल उमटले, मग दुसरे. ती सावकाश तुळशीकडे गेली आणि परत फिरली. उजवे पाऊल पुरते उमटत होते. डाव्याची टाच अर्धीच होती. तिचा बाहेरचा भाग जणू कोणी खरवडून काढला होता. शिष्याने नकळत चोपदाराच्या पायांकडे पाहिले. त्याच्या डाव्या टाचेला जुन्या भाजल्याचा वण होता, आणि बाहेरचा भाग आत बसलेला होता.

चोपदार डोळे मिटून ऐकत होता. डावे पाऊल किंचित उशिरा पडते, हे त्याच्या कानांना कळले.

वृद्धाने शिष्याला सांगितले, की कोपऱ्यातली काठी घेऊन दारात उभा राहा आणि या पाहुण्याची ललकारी दे. शिष्याने भीतभीत नाव विचारले.

"चोपदार," चोपदार म्हणाला.

"ते काम होतं," वृद्ध म्हणाला. "ते गेलं. नाव सांग."

त्याला आठवावे लागले. जहागिरीत त्याला कोणी नावाने हाक मारली नव्हती, आणि सासुरवाडीला तो दाजी होता. "रायाजी," तो अखेर म्हणाला. "सटवाजीचा. भट्टीवर चुना भाजणाऱ्या सटवाजीचा."

शिष्याने काठी आपटली आणि रायाजी बिन सटवाजी येत आहेत, असे पुकारले. भीतीने त्याचा आवाज मधेच चिरकला. रायाजी कसाही असला तरी त्या धंद्यातला जाणता होता. त्याला ते सहन होईना. "असं नाही," तो डोळे न उघडता म्हणाला. "आधी नाव पुरं करायचं, मग श्वास. आणि हा पाहुणा चोरासारखा येत नाहीये, दारातून येतोय."

शिष्याने दुसऱ्यांदा पुकारले. नदीपलीकडच्या डोंगरावरून नाव परत आले.

अंगणातली पावले दाराकडे निघाली. शिष्य ती येताना पाहत होता: पूर्ण, अर्धे, पूर्ण, अर्धे. रायाजीच्या पाठीशी येऊन ती आजवरसारखी थांबली नाहीत. पुढचे पाऊल उंबऱ्याच्या आत पडले तेव्हा ते ओले होते, आणि ते रायाजीचे होते. आत गेल्यावर त्याने मागे वळून पाहिले. अंगणात ऊन होते, आणि कुत्रे झोपले होते.

रायाजी आत भाकरी खात असताना शिष्याने गुरूला विचारले, की हे भूत होते का, आणि तो तर जिवंत आहे, मग भूत कोणाचे.

वृद्ध म्हणाला, "माणूस मेला म्हणजेच त्याचं काही मागं राहतं, असं आपण समजतो. हा अकरा वर्षं दुसऱ्याचं नाव पुढं करत चालला. स्वतःला त्यानं मागं ठेवलं, आणि मागं बघायची त्याला मनाई होती. काठी गेली त्या दिवशी पुकारायचं नाव गेलं, तसा मागचा जागा झाला आणि निघाला. त्याला कुठंतरी पोचायचं होतं. हा मात्र प्रत्येक दारात जुन्या धन्यालाच आत घालायला बघायचा, आणि स्वतः बाहेर थांबायचा. लोकांना दोन माणसं जाणवायची, म्हणून ते घाबरायचे. त्यांतला एकही आत येत नसे, म्हणून ते दार लावायचे. मी पाणी दिलं ते चालून दमलेल्याला दिलं. दाराशी उभा होता त्याला देऊन काय उपयोग? तो आलाच नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी रायाजी वखारीकडे निघाला. वृद्धाने शिष्याला सोबत धाडले. वाटेत वाळू होती, आणि शिष्य दर काही पावलांनी मागचे ठसे पाहत गेला. ते दोघांचेच होते.

व्यापाऱ्याने त्याला ओळखले व दार पुरते उघडले नाही. रायाजी डावीकडे सरला नाही. त्याने दार हलकेच लोटले, आत पाऊल टाकले आणि म्हणाला, "मी रायाजी. बाप चुना भाजायचा, त्यामुळं धुराची आणि उन्हाची सवय आहे. हाक लांब जाते. हे पाणी मला ठाऊक नाही. चार दिवस कुणी खडक दाखवले तर शिकेन." व्यापाऱ्याने त्याच्या खांद्यावरून मागे पाहिले. मग थोडे वाकून, खांद्याखालूनही पाहिले. आणि मग, जणू सुरुवातीपासून त्याच्याशीच बोलत होतो अशा स्वरात, कातळाजवळची खोपटी दाखवायला घेऊन गेला.

त्याच वेळी वरून एक तराफा येत होता. वखारीतला एक जुना हमाल खडकांच्या खुणा सांगू लागला, आणि रायाजी कातळावर चढला. त्याच्या पहिल्या हाकेत कोणाचा किताब नव्हता. डावीकडे धरा, एवढेच त्याने पुकारले. खालच्या माणसांनी वर पाहिले, बांबू टेकवला, आणि ओंडके खडकाला घासत, पण न फुटता पुढे गेले. खाली उतरल्यावर रायाजीने पौर्णिमेची एक दिवसाची रजा मागितली. बायको आणि मुलीला आणायचे होते. खोपटीला दार नव्हते. ते आधी बसवून घे, मग जा, असे व्यापारी म्हणाला, आणि फळ्याही दिल्या.

मग व्यापाऱ्याचे लक्ष शिष्याकडे गेले.

"आणि आपण कोण?" त्याने विचारले.

शिष्याने तोंड उघडले. मी अमक्या गुरूंचा शिष्य, हे उत्तर सहा वर्षे त्याच्या जिभेवर तयार असे. तो थांबला. क्षणभर त्याने मागे कान दिला. मग त्याने आपले नाव सांगितले.