वेशीवरचा दगड

“परवानगी? ती कुणाची घेऊ, बुवा?” हणमंत हसला. “आई गेली. वडील लढाईत पडले तेव्हा मी आईच्या पोटात होतो. मला अडवणारं कुणी उरलेलंच नाही.”

उद्या त्याला संन्यासाची दीक्षा घ्यायची होती. उपनिषदं मुखोद्गत, आणि वैराग्य तर कायम नाकाच्या शेंड्यावर! पण निरंजनबुवांच्या मठाचा एक दंडक आडवा आला होता. आईबापानं हो म्हटल्याशिवाय तिथं कुणाला भगवी छाटी मिळत नसे.

“बापाचं काही हाय का गावात?”

“वेशीवर स्मारकाचा दगड आहे. त्यावर नाव आहे म्हणतात. मी कधी जवळ गेलो नाही. दगडात काय बघायचं?”

बुवांनी खडावा पायांत सरकवल्या.

“चल, इचारू या.”

वेशीवर वडाखाली काळा दगड उभा होता. पलटणीत निघालेली गावची पोरं त्याला कपाळ टेकून पुढं जात. कपाळाच्या उंचीवर तो देवळाच्या उंबऱ्यासारखा गुळगुळीत झाला होता.

हणमंत नावं वाचत गेला. पवार, निकम, शिंदे, पुन्हा निकम... एवढंसं गाव, आणि एवढी माणसं!

मग ते दिसलं. शिपाई हैबती तुकाराम निकम.

शाळेच्या दाखल्यापासून आजवर हे नाव त्याच्या नावामागं मुकाट उभं होतं. इथं ते पुढं होतं. हा एक चालता-बोलता माणूस होता, हे हणमंताला आज पहिल्यांदा कळलं.

“इचार,” बुवा म्हणाले.

हणमंतानं तोंड उघडलं. एवढी उपनिषदं घोकलेल्या त्या जिभेवर ‘आबा’ हा शब्द कधी आलाच नव्हता. आता तो काही केल्या बाहेर पडेना.

“बुवा... मला नाही जमत.”

बुवांनी खडावा काढल्या. सारी पंचक्रोशी ज्यांच्या पाया पडते, त्या म्हाताऱ्यानं दगडापुढं साष्टांग दंडवत घातलं.

“बुवा, हे काय! संन्याशानं गृहस्थापुढं वाकायचं नसतं!”

“मागाय आलेल्यानं वाकायचं न्हाई, तर काय करायचं?”

बराच वेळ ते उठले नाहीत. उठले तेव्हा कपाळाला माती लागली होती. हणमंताला ती पुसायचंही भान राहिलं नाही.

“काय... काय मागितलंत?”

“तुमचं लेकरू मला द्याल का, म्हनलं.”

हणमंत दगडाकडं वळला.

“मग? हो म्हणाले?”

बुवांनी त्याचा खांदा धरला आणि त्याला त्या नावासमोर खाली बसवलं.

“म्हनले, ‘अजून पोराचं त्वांड बघितलं न्हाई... बसू द्या जरा.’”