दुसऱ्या दाराचा उंबरा

मांजरंही माणसांसारखीच नोकरीला चिकटून असत, त्या काळची गोष्ट. तांदळाच्या एका वखारीत भुरी मांजर आणि तिच्याहून वयाने मोठा सोनबा बोका कामाला होते. पहाटे मारलेला उंदीर मालकाच्या उंबऱ्यावर ठेवायचा आणि वाटीभर दूध प्यायचं, असा शिरस्ता होता.

एक दिवस वखारीत तांदूळ ठेवायला उंदरांना न कुरतडता येणारी पत्र्याची कोठी आली. मग दुसरी आली. उंदीर कमी झाले, तशी वाटीही अर्धी झाली. भुरीच्याही मिशा पिकायला लागल्या होत्या. वखारीचं काम उरकलं की ती समोरच्या कासारणीकडे जाऊ लागली. तिथला उंदीर मारायची आणि तिथल्याच उंबऱ्यावर ठेवायची.

"भुरे, दूध मालकाचं आणि उंदीर परक्यांचे?" सोनबा गुरगुरला.

"इथलं काम सोडलेलं नाही, आबा. तुम्हीही चला."

"या वयात मी दारोदार हिंडू? मालक बघतील माझं."

शेवटची कोठी आली त्या सकाळी मालक पोतं घेऊन आला. सोनबा सवयीने त्याच्या पायाला अंग घासायला गेला आणि पोत्यात गेला. मग मालक भुरीकडे वळला.

"शेठ, तिला हात लावू नका," समोरून कासारीण म्हणाली. "ती आमच्याकडेही असते."

मालकाचा हात थांबला.

"भुरे, सांग ना तिला," पोत्यातून सोनबा कळवळला, "मीही उंदीर धरतो."

भुरी जीव तोडून ओरडली. कासारणीने पोत्याकडे पाहिलं.

"आणि हा कुणाचा हो?"